फुलाची टाइल

लेकीने बाथरूमभर राखाडी टाइल्स निवडल्या. मिस्त्रीला त्या अजिबात आवडल्या नाहीत, पण त्याने त्याच बसवायला घेतल्या. तिच्या आईला नीट दिसत नव्हतं. भिंत चाचपत ती दारातल्या उठावदार फुलाच्या टाइलपर्यंत यायची, फूल हाताला लागलं की मगच पाऊल आत टाकायची. हे त्याने पहिल्याच दिवशी पाहिलं होतं.

काम संपलं आणि लेक भडकली. "मिस्त्री, नव्या भिंतीत ही जुनी टाइल कशाला? काढा आधी!"

"काढतो. आधी आईंना आत येऊ द्या."

आईचा हात भिंतीवरून सरकत फुलावर थांबला. "माझं फूल राहू दिलंस होय गं!"

लेकीने मिस्त्रीकडे पाहिलं. "पक्की बसलीय ना?" तिने हळूच विचारलं.