अठराव्या मजल्यावरचा तराजू

तराजू इतका नाजूक होता की वजन घेताना मी श्वास रोखून धरायचे. तरी शेवटचा आकडा काही स्थिर होईना. महिनाअखेर प्रबंध द्यायचा होता आणि त्यातला प्रत्येक तक्ता याच आकड्यावर उभा होता.

माझ्या मार्गदर्शक मॅडमचा नियम होता: एकीने वजन घ्यायचं, दुसरीने लिहायचं. वजन घेणारीला हवा तोच आकडा दिसतो.

"नाचता येईना, अंगण वाकडं," लिहिता लिहिता त्या म्हणाल्या. "हात हलतो तुझा."

मग त्यांनी स्वतः वजन घेतलं. आकडा डुलतच राहिला.

"यंत्र म्हातारं झालंय. माझ्यासारखंच."

मॅडमची जवळजवळ सगळी नोकरी जुन्या इमारतीच्या तळघरात गेली होती. विद्यापीठाने हा मनोरा बांधला, तेव्हा त्यांनी भांडून अठराव्या मजल्यावरची खिडकीची खोली मिळवली. आता निवृत्ती तोंडावर आली होती. रोज सकाळी त्या आधी खिडकीशी उभ्या राहत, मग ॲप्रन चढवत.

आम्ही टेबल बदललं, खिडकी लावून घेतली, एसी बंद केला. मग माझ्या लक्षात आलं, बाहेर वारा पडला की आकडा गुमान बसतो. मी शेजारच्या प्रयोगशाळेतला तराजू मागून आणला आणि आमच्याशेजारी ठेवला. वारा सुटला, तसे दोन्ही आकडे एकाच तालात डुलू लागले.

"मॅडम, अंगणच हलतंय," मी म्हणाले.

त्या खिडकीकडे वळल्या.

"उंच इमारत वाऱ्यात थोडी डुलतेच. पहिल्या वाऱ्यालाच मला शंका आली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझा हात हलतो म्हणणं सोपं होतं. खाली परत कोण जाणार?"

मला राग आला, पण त्यांच्या पाठीकडे बघून तो टिकेना.

"तराजू खाली नेते," मी म्हणाले. "तुम्ही वरच बसा. मी एकटी करीन."

"आणि लिहिणार कोण? तू?"

लिफ्टमध्ये त्यांनी तराजू तान्ह्या बाळासारखा छातीशी धरला होता. जुन्या इमारतीच्या तळघरात त्यांच्या टेबलासमोर कोरी भिंत होती. तिच्याकडे तोंड करून त्या बसल्या आणि पेनाचं टोपण काढलं.

"हं, बोल."

आकडा दोनदा हलला आणि थांबला. मी तो वाचला. त्यांनी लिहून घेतला.

"चहा मात्र वरच घ्यायचा," मान वर न करता त्या म्हणाल्या. "पुढचं वजन ठेव."