गाळलेला नगराध्यक्ष

दूर उत्तरेच्या किनाऱ्यावरच्या स्कारफियोर्ड नगरपालिकेला शंभर वर्षं पुरी होत होती, म्हणून सभागृहात आजवरच्या नगराध्यक्षांच्या तसबिरी लावायचं ठरलं. काम आलं तोरुनकडे. ती तिथे पंधरा वर्षं कारकून होती.

"एकेचाळीस ते चव्वेचाळीसची जागा सोडू नकोस. तसबिरी जवळजवळ लाव," नगराध्यक्ष यालमार म्हणाले. "तो सिगवाल महायुद्धात जर्मनांनी खुर्चीत बसवलेला. चांगल्या प्रसंगी त्याचं नाव कशाला?"

तोरुनला ते पटलं. माघार घेताना जर्मनांनी सगळं गाव जाळलं होतं. त्याआधी एका दिवसात माणसं बोटींत कोंबून दक्षिणेला धाडली, आणि त्या हुकमाखाली सही सिगवालची होती. तोरुनची तान्ही आत्या त्या बोटीच्या तळाशीच दगावली. सिगवालची मुलगी सोलफ्रिड समोरून आली की आजी रस्ता ओलांडायची. आजी गेली, पण तोरुनही ओलांडतच राहिली.

नोव्हेंबरअखेरच्या एका दुपारी, उत्तरेकडच्या रीतीप्रमाणे सूर्य उगवायचंच विसरला होता तेव्हा, सोलफ्रिड कचेरीत आली. त्रेसष्ट वर्षांची, ताठ. तिने रुमालात गुंडाळलेला वडिलांचा फोटो टेबलावर ठेवला.

"हा लाव. आणि खाली त्यांनी काय केलं, तेही लिही."

"तुमच्या वडिलांच्या सहीनं माझी आत्या मेली, बाई."

"गुद्रुन. अकरा महिन्यांची."

तोरुनने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. हे नाव घराबाहेर कुणी कधी उच्चारलं नव्हतं.

"मलाही वडिलांनी त्याच बोटीत बसवलं होतं. बारा वर्षांची होते मी," सोलफ्रिड सांगू लागली. "तुझी आजी दोन रात्री जागी होती. मी म्हटलं, द्या माझ्याकडे. बाळ माझ्या मांडीवर रडत होतं. मग थांबलं. मला कळलं होतं गं. पण तुझी आजी पहिल्यांदाच झोपली होती. सकाळपर्यंत मी तशीच बसून राहिले."

सोलफ्रिडने रिकाम्या रुमालाची घडी घातली.

"ते रडणं मला रोज ऐकू येतं. ते थांबतं ना, ते जास्त ऐकू येतं. वडील तुरुंगात गेले, सुटले, मेले. तुम्ही त्यांचं नाव गाळलंत, पण गावाला बोट दाखवायला कुणीतरी हवंच होतं. उरले मी."

म्हणजे आजीला हे सारं ठाऊक होतं! तरी ती रस्ता ओलांडत राहिली. आणि आपण तर काहीच न विचारता.

तोरुन तो फोटो घेऊन तडक यालमारांकडे गेली. "लोक काय म्हणतील?" ते कुरकुरले.

"म्हणू द्या, साहेब. आजवर सोलफ्रिडला एकटीलाच म्हणत आले. आता भिंतीकडे बघून म्हणतील."

तसबीर लागली. खाली नाव, साल, हुकमाची तारीख, आणि बोटीत दगावलेल्या सात जणांची नावं. समारंभाला काहीजण आलेच नाहीत. आलेले त्या पाटीपुढे टोप्या काढून उभे राहिले. सोलफ्रिड नेहमीसारखी कोपऱ्यात एकटी बसली होती. तोरुन दोन कप कॉफी घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसली.

"अजून ऐकू येतं?" तिने हळूच विचारलं.

"येतं की. पण आज दोघी ऐकतोय."

वाचकहो, असं एखादं गाळलेलं नाव आपल्याही गावात असेल. अपराध झाकल्यानं पुसला जात नाही. तो अपराध्याच्या निष्पाप लेकरांच्या माथी बसतो. तेव्हा नाव लिहावं, कृत्य लिहावं, आणि लेकरांना शेजारी बसवून घ्यावं.