लेनची कॉइल गार होईपर्यंत

तर झालं असं, की लेन टनिक्लिफ तिसऱ्यांदा आमच्या वेपच्या दुकानात आले आणि काउंटरवर दोन वस्तू ठेवल्या. एक त्यांचं वेप, म्हणजे बॅटरीवरची सिगरेट, आणि दुसरं सिगरेटचं कोरं पाकीट, वरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेलं.

"अठ्ठावन्न दिवस झाले," ते म्हणाले. "उद्या सकाळी परत जळकं लागलं ना पोरी, तर हे फोडणार. तुला सांगून फोडतोय, चोरून नाही."

 त्यांना सिगरेटीवरून वेपवर मीच आणलं होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, साठ वर्षं ओढलेली, जिना चढताना रेलिंगशी भांडण चालायचं त्यांचं. आणि आता सोडलीय तर माझ्या कॉइलपायी परत धरणार?

आता हे जरा ऐका, कंटाळू नका. त्यांच्या वेपमध्ये निकेलच्या तारेचं वेटोळं आहे, तीच कॉइल. तार तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, आणि तो किती वाढला त्यावरूनच यंत्राला कळतं की आत किती गरम झालंय. दोनशे डिग्री झाले की ते हात आखडता घेतं, म्हणजे तारेतला, रस शोषणारा कापूस जळत नाही. पण त्यासाठी गार तारेचा आकडा यंत्राकडे बरोबर हवा. लेनच्या तारेचा गार आकडा पॉइंट बारा ओहम. दुकानात मी लावून द्यायचे तेव्हा बारा. दुसऱ्या दिवशी ते घेऊन यायचे तेव्हा यंत्राने पंधरा धरलेला, आणि कापूस काळाठिक्कर.

मला वाटलं स्क्रू ढिला. घट्ट केला. मग वाटलं खालच्या पिनेवर मळ आहे. पुसली. मग तारच बदलली. दुकानात दिवसभर चालवून बघितलं, आकडा जागचा हलेना. आमचा मालक म्हणाला की म्हाताऱ्याला ओढायचीच आहे, निमित्त शोधतोय. मला ते काही पटेना. निमित्त शोधणारा माणूस पाकीट न फोडता कशाला दाखवायला आणेल? मी लेनना म्हटलं, उद्या तुम्ही येऊ नका, सकाळी मीच येते.

सकाळी असं धुकं होतं ना, की मी चालतेय का झोपेतच आहे कळेना. बर्स्लेमचा, म्हणजे आमच्या कपबश्यांच्या गावचा, तो चढ, दोन्ही बाजूंना घरं होती आणि नव्हती, आणि मध्येच त्या जुन्या कपबशीच्या कारखान्याची भट्टी, बाटलीसारखी, खालचा भाग पुसला गेलेला, नुसती मान वर तरंगत होती. मी उगाच तिच्याकडे बघत उभी राहिले. मग लेनचं घर आलं, बेरिलने दार उघडलं. बेरिल म्हणजे लेनची बायको.

स्वयंपाकघर उबदार, काचांवर वाफ. ओटकेकवर, म्हणजे ओटच्या धिरड्यावर, चीज वितळत होतं. लेन टेबलाशी बोटं वाजवत बसलेले, सकाळची तल्लफ. मी म्हटलं, तुम्ही रोज करता तसंच सगळं करा, मी नुसती बघते.

तर बेरिल म्हणाली, "आधी त्याचं बाळ उठवायला लागेल. आमच्या तीन पोरांना कधी एवढं पांघरूण घातलं नाही या माणसाने."

आणि लेननी चहाच्या किटलीवरची लोकरीची टोपी उचलली. आत, किटलीच्या झाकणाशेजारी, वेपची रसाची टाकी! कॉइलसकट. चांगली कढत. रात्री गळू नये म्हणून काढून ठेवायची, आणि सकाळी शेकवायची. मी बघतेय तोवर त्यांनी ती यंत्रावर फिरवून बसवली. यंत्राने विचारलं, कॉइल नवीन आहे का? त्यांनी दाबलं, हो. आकडा आला, पॉइंट पंधरा.

मी म्हटलं, "लेन, ओढू नका. हे शेकवता कशाला?"

"म्हणजे काय?" ते म्हणाले. "ओला, गारठलेला माल एकदम आगीत घातला की तडकतो. पंधराव्या वर्षापासून भट्टीवर होतो मी. आधी हळूहळू ऊब द्यायची."

मला हसू येत होतं आणि रडूही. मी त्यांना सांगितलं की यंत्र बिचारं या कढत तारेलाच गार समजतंय. त्याला वाटतं दोनशे, आणि आत होतात पावणेतीनशेच्या वर.  लेननी टाकी काढली आणि बशीत ठेवली. आता गार होईपर्यंत थांबायचं, एवढंच.

पण तल्लफ आलेल्या माणसाला थांब म्हणणं म्हणजे! त्यांचा गुडघा टेबलाखाली हलत होता. मी म्हटलं, बोला काही तरी. मग ते भट्टीबद्दल बोलायला लागले. आग विझली की दोन दिवस दार उघडायचं नाही. लेन आणि भट्टीवरची बाकीची पोरं बाहेरच्या भिंतीला पाठ लावून झोपायची, वीट उबदार, आणि झोपेत आतला आवाज यायचा. हजारो ताटल्या गार होताना टिंग, टिंग, बारीक. कुणी तरी लांब काचेच्या पावलांनी चालल्यासारखं. ते इतकं हळू बोलत होते, की मला वाटायला लागलं आम्ही तिघं त्या भट्टीच्या आतच बसलोय, आणि धुकं म्हणजे तिची भिंत. एकदा मुकादमाला घाई झाली, त्याने दुसऱ्याच सकाळी दार फोडलं. आतला अख्खा माल तडकला.

दहा-बारा मिनिटं झाली असतील. मला राहवेना, मीच टाकीला हात घातला.

लेननी माझं मनगट धरलं. त्यांचा गुडघा आता हलत नव्हता.

"अजून नाही, पोरी," ते म्हणाले. "बोटाच्या मागच्या बाजूने बघ. आत ऊब आहे."

खरंच होती. मग थांबलो. बेरिलसुद्धा ओटकेक घेऊन उभीच. किती वेळ, मला सांगता येणार नाही. शेवटी त्यांनीच टाकी गालाला लावून बघितली, बसवली, दाबलं. पॉइंट बारा.

त्यांनी एक लांब झुरका घेतला. वाफ काचेपर्यंत गेली आणि तिथल्या वाफेत मिसळली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते डोळे मिटून होते, चेहऱ्यावर काहीच नाही. मग दुसरा झुरका.

"बेरिल," ते डोळे न उघडताच म्हणाले, "चहा ओत."

एकोणसाठावा दिवस लागला होता.