दोघांचा बाक

मी एक जुना, दोघांनी बसायचा बाक आहे. ओकच्या लाकडाचा, लोखंडी पायांचा. पण मित्रांनो, शाळा मी कधी पाहिलीच नाही.

इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या एका सुताराने मला एका धर्मोपदेशकासाठी घडवले. शाळेत मुलांची श्रद्धा ढळते असे त्याला वाटे, म्हणून त्याची मुलगी हेस्टर घरीच शिके. ती उजवीकडे बसायची. डावी जागा धाकट्या भावाची होती, पण तो पाळण्यातच गेला. एका हिवाळ्यात हेस्टरला ताप भरला होता. वडील कुणा आजाऱ्याकडे निघाले आणि म्हणाले, "मी येईपर्यंत जागेवरून उठायचं नाही." वाटेत बर्फाने रस्ते बंद झाले. ते दुसऱ्या दिवशी परतले. हेस्टर जागेवरच होती, थंडगार.

मग मला कोठारात टाकून दिले. वर्षानुवर्षे धूळ खात पडलो, पण उजव्या फळीवरचे ते हलके वजन काही उतरले नाही.

चार वर्षांपूर्वी एलिएझर साळवे यांनी मला जुन्या सामानाच्या बाजारातून लंडनच्या पिनर भागातल्या आपल्या घरी आणले. त्यांची नोकरी क्रॉयडनला. पत्नी करुणाबाई पूर्वी अहमदनगरला शिक्षिका होत्या. त्यांच्या चर्चच्या मंडळीतल्या बऱ्याच कुटुंबांनी मुलांना घरीच शिकवायचे ठरवले होते. यांनीही आपल्या आठ वर्षांच्या लेकीला, अदीनाला, शाळेतून काढले. करुणाबाई शिकवायच्या मात्र जीव ओतून. त्यांनी मला मेण लावून चकचकीत केले. मराठी मी त्यांच्याच शुद्धलेखनाच्या तासाला शिकलो.

अदीना नेहमी डाव्या टोकाला अंग चोरून बसे.

"अगं, नीट मध्ये बस. पडशील."

"मग ती कुठे बसेल, मम्मी?"

एकुलती एक पोर, खेळायला कुणी नाही. करुणाबाईंना तो खेळच वाटला. पण जूनच्या ऐन उन्हाळ्यात अदीना स्वेटर घालून बसू लागली. "तिचा हात खूप थंड आहे," ती म्हणाली. एका दुपारी जेवायला हाक मारली तरी ती उठेना.

"आपण उठायचं नाही. तिचे बाबा येईपर्यंत."

करुणाबाईंनी तिच्या कपाळाला हात लावला. अंग तापाने फणफणत होते. त्यांनी तिला उचलायला पाहिले, पण अदीनाची बोटे माझ्या कडेला घट्ट रुतली होती. फोनवर एलिएझर म्हणाले, "मी चर्चच्या पाळकांना बोलावतो. तू त्या बाकाला शिवू नकोस."

करुणाबाईंनी फोन ठेवला. त्या माझ्या उजव्या बाजूला गुडघ्यांवर बसल्या.

"बाळा, तुझ्या बाबांनी मला पाठवलं असं मी सांगणार नाही. मुलांशी मी खोटं बोलत नाही. पण मीही कुणाची तरी आई आहे. ऊठ, मुली. शाळा सुटली."

त्यांनी हात पुढे केला. थोड्या वेळाने त्यांची बोटे कशाभोवती तरी मिटली. माझी फळी करकरली. मग त्या हळूहळू, लहान पावलांशी पाऊल जुळवत दाराबाहेर गेल्या. कितीतरी वर्षांनी मी हलका झालो. अदीनाची बोटे सुटली आणि तिने माझ्यावर डोके टेकले.

करुणाबाई परतल्या त्या एकट्याच. तळहात निळा पडला होता. त्यांनी लेकीला उचलले आणि डॉक्टरांकडे नेले. त्या कुठवर गेल्या होत्या, हे त्यांनी कुणालाच सांगितले नाही.

अदीना बरी झाली. ती अजून घरीच शिकते, पण दर गुरुवारी करुणाबाई तिला वॉटफर्डच्या चर्चच्या हॉलमध्ये नेतात. घरी शिकणारी नऊ मुले तिथे एकत्र जमतात. मीही आता तिथेच असतो. माझ्यावर कधी कधी चौघे कोंबून बसतात आणि भांडतात. मला ते आवडते.

मित्रांनो, मुलांना कुठेही शिकवा. पण "इथेच बस" असे सांगितले असेल, तर "ऊठ" म्हणायला परत या. आणि हॉलचे दिवे मालवण्याआधी एकदा माझ्याकडे वळून पाहा. मुले नऊच असतात. गेल्या गुरुवारी सगळी घरी गेल्यावर माझ्या डाव्या फळीवर कुणीतरी येऊन बसले, ते अजून तिथेच आहे. अगदी लहान आहे. त्याला अजून बोलता येत नाही.