एकच घंटा

माझी बायको इम्मा गेल्यापासून घरातला फोन फारसा वाजत नाही. तो पॅसेजमध्ये भिंतीला लावलेला आहे, जुना, कुणाचा नंबर आला ते न दाखवणारा. मोबाइल मी वापरत नाही.

नेपल्समधल्या आमच्या घराची मागची खोली आम्ही परदेशातून शिकायला येणाऱ्या मुलांना देतो. देतो म्हणजे इम्मा द्यायची. ही मुलं सुटी आली की कुठे ना कुठे निघायची. इम्माचा नियम एकच होता. पोचलात की घरी फोन लावायचा आणि एक घंटा वाजली की ठेवून द्यायचा. इकडे कुणी उचलायचा नाही. आमच्याकडे सगळ्याच घरांत असं करतात, पण इम्मा मुलांकडून नंबर पाठही करून घ्यायची. घंटा वाजली की "पोचली बाई" म्हणायची आणि मगच उकळत्या पाण्यात पास्ता सोडायची. तोवर मी उपाशी. मी तिची खूप चेष्टा करायचो.

फेब्रुवारीत ती गेली. एस्टोनियाची मार्या तेव्हा आमच्याकडे राहत होती. तिने खोली सोडली नाही. मे महिन्यात एका शनिवारी सकाळी ती पालेर्मोला निघाली. मैत्रिणी आधीच तिकडे पोचल्या होत्या. सिसिलीची आगगाडी डब्यांसकट जहाजात शिरते आणि पलीकडे उतरते, ते तिला बघायचं होतं.

"समुद्र ओलांडलास की एक घंटा," मी दारात म्हणालो.

"माहितेय काका. मावशींनी शिकवलंय."

दुपारी मी पाणी उकळत ठेवलं. गाडी जहाजातून उतरायची वेळ होऊन गेली. पाणी आटलं, मी पुन्हा भरलं. फोन गप्प. शेवटी मीच तिच्या मोबाइलवर फोन लावला. एका म्हाताऱ्याने उचलला.

"हा फोन कुणाचा?" मी विचारलं.

"एका सोनेरी केसांच्या पोरीचा. बॅगेत वाजत होता म्हणून काढला. ती जहाजावर वर गेली, समुद्र बघते म्हणाली. परत आलीच नाही हो. आमची गाडी तर पलीकडच्या मेसिनाहून निघाली."

जहाजाचा कठडा, खाली पाणी, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं. मी त्याला तेच तेच विचारत राहिलो. कुणाला सांगितलं का? पोरगी कशी चालत होती? तिला चक्कर वगैरे येत होती का?

समोरच्या बाल्कनीत तितीना कपडे वाळत घालत होती. गल्ली एवढी अरुंद की तिला माझ्या घरातलं सगळं ऐकू जातं.

"अरे कार्मिने, फोन ठेव!" ती ओरडली. "तूच लाइन अडवून बसलास तर ती पोरगी फोन करणार कशी?"

मी ठेवला. स्टूल ओढून फोनखाली बसलो. इम्मा अशीच बसायची, हातात काहीतरी निवडायला घेऊन. मी नुसताच बसलो.

आणि घंटा वाजली. एकदा. थांबली.

मी उठलो, हात फोनपर्यंत गेला होता. तसाच उभा राहिलो. हा नंबर पाठ असणारं आणि एका घंटेवर ठेवून देणारं आता दुसरं कोण होतं?

"उचलला का नाहीस?" तितीना किंचाळली.

"उचलायचा नसतो."

"नवराबायको दोघंही एकाच माळेचे!"

थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजला. या वेळी थांबेना. मी उचलला.

"काका, मी आहे! घाबरलात ना?" मार्या हसत होती की रडत होती कळत नव्हतं. "वर भाताचे तळलेले गोळे मिळत होते, ते खात बसले. घाईने खाली आले आणि चुकीच्या डब्यात चढले. गाडीचे दोन भाग होतात हे मला कुठे माहीत? माझी बॅग पालेर्मोला चाललीय आणि मी सिराकुझाला. एका बाईंचा फोन मागितला. दुसरा कुणाचाच नंबर मला पाठ नाही."

"मग घंटा देऊन ठेवलास कशाला, बोलायचं नाही का?"

"नियम आहे ना, काका. मग वाटलं, नुसत्या घंटेवर तुम्हाला बॅगेचं कसं कळणार?"

मला हसू फुटलं, किती दिवसांनी कोण जाणे. तुझा मोबाइल डब्यातल्या एका म्हाताऱ्याने उचलला, तो पालेर्मोलाच जातो आहे, त्याला मी पुन्हा फोन करून मैत्रिणींकडे बॅग द्यायला सांगतो, म्हणालो. फोन ठेवला आणि बाल्कनीत गेलो.

"पोचली," मी म्हणालो.

"चुकीच्या गावाला निघालीय म्हणे!" तितीनाने सगळं ऐकलं होतं.

"समुद्र तर ओलांडला."

आत जाऊन मी पाण्यात पास्ता सोडला.

"मीठ घातलंस का?" ती तिकडून ओरडली.

घातलं नव्हतं.