भातुकलीचं झाकण

तळहातावर ते झाकण होतं – लाकडाचं, रुपयाएवढं, वर मोहरीएवढी मूठ. कडेचा लाल रंग उडालेला, म्हणजे कितीतरी पोरांनी ते काढलं असेल, घातलं असेल, चावलंही असेल. कालिंदीबाईंनी मूठ मिटली. ट्राम गरियाहाटच्या वळणावर करकरली, आणि खिडकीशी बसलेली चार वर्षांची लीना मांडीवर हात ठेवून बाहेरच्या भिंतींवर रंगवलेल्या घोषणा बघत राहिली. आजीनं बसवलं तशी, न हलता. मघाशीही तशीच बसली होती ना... तशीच बसली, म्हणून तर...

आता उज्ज्वलाला काय सांगायचं?

सुनेला बँकेत रजा मिळाली नव्हती, दिनकर दौऱ्यावर होता, म्हणून नातीला बालवाडीच्या प्रवेशासाठी नेणं कालिंदीबाईंकडे आलं, असं सगळे म्हणत. खरं तर त्यांनीच ते ओढून घेतलं होतं. वर्षभर पोरीला तयार कुणी केलं? श्लोक, बे एके बे, रंगांची नावं. इंग्रजी मुळाक्षरं तर त्या स्वतःच तिच्याबरोबर शिकल्या, चष्मा पुसत पुसत. मराठी अक्षरंही त्यांना तिशी उलटल्यावर, कपाळ पांढरं झाल्यावर भेटली होती – देवळामागच्या वर्गात, ताठ बसून, चुकलं की बोटांवर पट्टी खाऊन. अक्षर असंच येतं. मांडी मोडली की अक्षर मोडतं... असं त्या लीनाला सांगत आणि लीना मांडी मोडत नसे.

काल संध्याकाळी उज्ज्वला म्हणाली होती, "आई, तिथं म्हणे मुलांना नुसतं खेळायला सोडतात आणि त्यावरून ठरवतात. बँकेतली सरोज सांगत होती."

"खेळायला? आणि त्याची फी घेतात? मग मैदानावरच्या बकऱ्यांनाही घ्या म्हणावं."

उज्ज्वला हसली नाही. "ती बाहुली तरी काढून द्यायची का आज तिला?"

"आणि मोडली म्हणजे?"

बाहुली मामानं पाठवलेली. अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच, शोकेसमध्ये उभी. लीना काचेसमोर उभी राहून तिच्याकडे बघे, हात पाठीमागे बांधून. शहाणी मुलगी. पाहुणे म्हणत, किती शहाणी हो तुमची नात!

आणि आज बालवाडीच्या त्या लाल जमिनीच्या खोलीत पोरांनी नुसता धुडगूस घातला. कुणी खुर्च्यांची ट्राम केली, घंटा म्हणून डब्यावर चमचा बडवला. एकानं पातेलं डोक्यावर घालून सगळ्यांकडून तिकिटाचे पैसे वसूल केले. मधोमध मांडली होती लाकडी चूल, तवा, झारा, झाकणांची भांडी. लीना त्यापुढे बसून राहिली, हात पाठीमागे. तिच्या पुढ्यात मातीचा गोळा ठेवला तेव्हा ती नीट म्हणाली, "नो, थँक यू." मग कुणीही न विचारता तिनं ए पासून झेडपर्यंत म्हणून दाखवलं आणि आजीकडे पाहिलं. कालिंदीबाईंनी मान डोलावली होती. केवढ्या अभिमानानं...

मुख्याध्यापिका सान्यालबाई शेजारी येऊन बसल्या. "मासीमा, घर में ये खेलता नहीं?"

"खेलती है ना. थोडा."

"खेलने से ही तो सीखता है. भात पकाएगा, चार लोग को बाँटेगा, गिनती आ गया. झगड़ा करेगा, फिर मेल करेगा. इस्कूल में और क्या करना है? ए बी सी बाद में हो जाएगा. एक साल इसको खेलने दीजिए, फिर लाइए."

आवाज मऊ होता. त्या मऊपणाचाच राग आला. भात पकाएगा! मी शिजवला होता, बाई. दहाव्या वर्षी, खऱ्या चुलीवर, डोळ्यांत धूर घेऊन. चार नव्हे, अख्ख्या घराला वाढला. आली का मला मोजणी? आलं का अक्षर? सांगा की...

आणि माजघरात शकुन, नणंद, कालिंदीच्याच वयाची, पितळी भातुकली मांडून बसलेली असे. चुरमुऱ्यांचा भात, गुळाचं वरण. "वहिनी, जेवायला ये गं," ती खोटं खोटं बोलवायची आणि खरी वहिनी खऱ्या भाकऱ्या थापत असे. एकदाच, एकदाच तिनं पिठाच्या हातानं त्यातलं झाकण उचललं. एवढुसं. ते पातेल्यावर बसतं का, एवढंच बघायचं होतं.

"सुनेनं हात लावायचा नाही."

सासूबाईंच्या हातात उलथनं होतं, तव्यावरून नुकतंच काढलेलं.

तर्जनीच्या मुळाशी, तळहातावरचा तो गुळगुळीत डाग आता सुरकुत्यांत दिसतही नाही. पण आज सान्यालबाई दुसऱ्या पालकांकडे वळल्या, कुणाच्या तरी पायानं उडालेलं झाकण घरंगळत कालिंदीबाईंच्या चपलेशी आलं, आणि त्या वाकल्या. परत ठेवायलाच वाकल्या होत्या. मग लीनाला हाताला धरून बाहेर पडल्या, ट्रामसाठी उभ्या राहिल्या, तिकीट काढलं डाव्या हातानं. उजवी मूठ उघडली ती ट्राममध्ये बसल्यावरच.

"आजी, ते काय आहे?"

लीना मूठ बघत होती. कालिंदीबाईंनी ती उघडली. लीनानं झाकणाकडे पाहिलं आणि तिचे दोन्ही हात मांडीवरून उठून हळूच पाठीमागे गेले.

"त्या टीचरचं आहे," ती कुजबुजली. "आजी, हात लावायचा नाही."

तोच सूर. शब्दाच्या शेवटी तसाच खाली आपटणारा. ह्या पोरीनं सासूबाईंना पाहिलंही नव्हतं.

"घे," कालिंदीबाई म्हणाल्या.

लीनानं मान हलवली.

"घे गं. मोडलं तर मोडलं. मी सांगते ना."

पोर खिडकीला आणखी चिकटून बसली. कंडक्टर दांडीला लोंबकळून काळीघाट, काळीघाट ओरडत होता. ट्रामच्या धक्क्यांनी झाकण तळहातावर इकडून तिकडे सरकत होतं, डागावरून जात होतं. त्या हात पुढे धरून राहिल्या – कधीतरी त्या पाठीमागून एक बोट बाहेर येईल, नुसतं एक बोट – आणि वाट बघता बघता त्यांच्या ध्यानात आलं की आपली बोटं हळूहळू आत वळत आहेत, झाकणाभोवती. ते तिनं घेऊ नये, असंच आपल्याला वाटतं आहे.