भस्माचं जातं

केजच्या धान्याच्या मोंढ्यामागं मांडव पडला आणि बघता बघता अख्खं गाव तिकडं लोटलं. वडवणीकडून जीपगाड्या भरून आल्या, चौसाळ्याची माणसं एसटीच्या दारात लोंबकळत आली. मांडवात जाणारा मान खाली घालून जायचा आणि बाहेर येताना गळ्याला हात लावून सांगायचा, "जागं झालं! मुंग्या आल्या बघा, हितून पार टाचेपर्यंत!"

जागं झालं ते गळ्यातलं लिंग. लिंगायताच्या अंगावर लहानपणापासून चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं, ते अंगावरून उतरत नाही. नाडीनाथ महाराज ती डबी दोन बोटांत उचलायचे, गळ्याच्या डाव्या अंगाला दाबायचे आणि डोळे फिरवून ओरडायचे, "चेतव!" की समोरचा माणूस थरथरलाच. उदासी असो, भ्रम असो, उडालेलं मन असो, सगळ्यावर हा एकच उतारा.

"ही गळ्याची नाडी झोपली की माणूस झोपला!" महाराजांचा आवाज कर्ण्यातून साऱ्या मोंढ्यावर पसरायचा. "अमेरिकेतले डॉक्टर आता गळा चिरून हितं तार बसवतात. छातीत यंत्र ठिवतात. पेपरात आलंय! आमी काय बसवतो? कायबी न्हाई. आमचं यंत्र तुमच्या गळ्यातच हाय! विज्ञान आज पोचलं तिथं आमचे गुरू कवाच जाऊन आलेत. बोला, हर हर महादेव!"

लोक बोलायचे. अमेरिकेचं नाव आणि महादेवाचं नाव एका दमात ऐकल्यावर नाही कोण म्हणणार?

रांगेत कावेरी आपल्या थोरल्या बहिणीचा हात धरून उभी होती. कावेरी चौसाळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची. बहीण शिवकांता केजात दिलेली, मन्मथ किराणेवाल्याच्या घरात. एके काळी शिवकांताच्या तोंडात सदा ओवी असायची. तांदूळ निवडताना, लेकीची वेणी घालताना, कुठंही. मग ती ओवी एकाएकी आटली. भांडण नाही, मरण नाही, कारण असं काही नाहीच. ताटावर बसायची आणि घास हातातच राहायचा. मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी ती आडाच्या कठड्यावर पाय आत सोडून बसलेली सापडली.

तेव्हा अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं होतं. पहिली गोळी लागू पडली नाही. दुसरी आता कुठं चालू होती. "गोळी मनानं बंद करू नका," बाईंनी बजावलं होतं. "एकदम सोडली तर पाय पुन्हा आडाकडं वळतील."

आणि आज त्याच गोळ्यांचं पाकीट शिवकांताच्या मुठीत होतं. तिची ही तिसरी खेप. तिसऱ्या खेपेला औषध महाराजांच्या परातीतल्या पाण्यात सोडायचं, पुन्हा तोंडात घालायचं नाही, असा नेम होता.

"दाजी, अजून वेळ गेली न्हाई," कावेरी हळूच म्हणाली.

"गप बस," बायकोमागं उभा मन्मथ दातांतून बोलला. मग त्याचाच आवाज चिरका झाला. "तुला काय माहीत, कावेरी? एक गोळी झाली, दुसरी झाली. अक्का हसली का तुझी? परवा महाराजांनी हात लावला, तर घरी येऊन मला म्हणाली, गळ्यात काहीतरी हाललं. वर्ष झालं, तिला काई वाटलंच न्हवतं. ते मी सोडून देऊ?"

कावेरी मनात एकेक तपासू लागली. मुंग्या खोट्या नव्हत्या. अक्का खोटं बोलत नव्हती. आणि पेपरातली बातमीही खरी होती, डॉक्टरीणबाईंनीच एकदा सांगितलं होतं, तिकडं असे प्रयोग चालू आहेत म्हणून. मग खोटं होतं तरी काय?

रांग पुढं सरकली.

आता मांडवाचं आतलं दिसू लागलं. उंच पाटावर महाराज. पुढ्यात पितळेची परात, तिच्यात पाणी. भक्तानं अनवाणी तिच्यात उभं राहायचं. पाटाशेजारी सटवा नावाचा चेला जातं घेऊन बसलेला. महाराजांसाठी भस्म दळायचं ही त्याची सेवा. महाराज "चेतव" म्हणाले की सटवा जोरानं दळायचा, परातीतला माणूस थरथरायचा. मग जातं मंद व्हायचं.

कावेरीनं कान दिला. लहानपणापासून जात्याच्या घरघरीत ती निजली होती, पण हे जातं घरघरत नव्हतं. टर्रटर्र करत होतं. आणि भस्म? आई घरी भस्म करायची. गोवऱ्यांची राख पाण्यात कालवायची, फडक्यातून गाळायची, गोळे वळून उन्हात टाकायची. गावातल्या घराघरात हीच रीत.

भस्म गाळतात. दळतंय कोण?

हे मांडवातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. पण डोळे सगळे महाराजांच्या बोटांवर, जात्याकडं कुणी बघतच नव्हतं.

"पुढं या, माय," महाराज म्हणाले.

शिवकांता परातीत उतरली. पाकीट धरलेला हात पाण्यावर आला. महाराजांनी तिची डबी गळ्याला टेकवली.

कावेरी मन्मथच्या हाताखालून निसटली आणि थेट सटवाच्या समोर, जात्यापाशी मांडी घालून बसली. "दादा, एकट्यानं कशापायी दळता? सोबत करते." आणि तिनं खुंटा गच्च धरला.

"चेतव!" महाराज ओरडले.

जातं हललं नाही. सटवा ओढत होता, कावेरी सोडत नव्हती.

"चेतव! चेतव!"

शिवकांता डोळे मिटून उभी होती. मग ओवी आटलेल्या त्या आवाजात ती म्हणाली, "काई होत न्हाई."

"संशयी पाऊल शिरलंय हितं!" महाराज कडाडले. "ह्या सेवेला बाईचा हात चालत न्हाई!"

"आँ?" रांगेतून वत्सलाबाई म्हातारी पुढं झाली. "जात्याला बाईचा हात चालत न्हाई? मग काय गड्याचा चालतो? जल्म गेला की माझा जात्यावर!"

कुणीतरी फिस्कन हसलं. पण मागून चार तरणे पुढं सरले. "ओ बाई, उठा. न्हाईतर उचलू."

"उचला," कावेरी म्हणाली. तिनं खुंटा सोडला नाही. "पण आधी एवढं बघा. दाजी, अक्काला बाहेर घ्या. परातीत तुमी उभे ऱ्हावा, जात्याकडं पाठ करून. तुमचा तर भरवसा हाय ना महाराजांवर? मी फिरवते. मुंग्या आल्या की हाय म्हणा, थांबल्या की न्हाई म्हणा."

मन्मथनं महाराजांकडं पाहिलं. महाराज हात मागं घेत होते. ते पाहून त्याच्या कपाळावर आठी पडली. त्यानं बायकोला बाहेर घेतलं, स्वतः पाण्यात उतरला, आपली डबी गळ्याला लावली आणि महाराजांचं मनगट धरून त्यांची बोटं तिच्यावर दाबली.

"हूं द्या की, बघू तर खरं," वत्सलाबाई म्हणाली. पुढं आलेले तरणे थबकले.

कावेरीनं सटवाचा हात झटकला. जातं हाताला पोकळ लागलं, फिरकीसारखं हलकं. तिनं ओवी उचलली, उगीच धीर यावा म्हणून:

"दाणा न्हाई गं मुठीत, पीठ न्हाई गं भुईला,
रितं फिरतं हे जातं, काय सांगू मी आईला."

"हाय," मन्मथ म्हणाला.

तिनं खुंटा थांबवला.

"न्हाई."

अर्धा फेरा. "हाय." थांबली. "न्हाई." आता सगळ्यांचे डोळे तिच्या हातावर होते. मन्मथला काही दिसत नव्हतं, तो नुसता सांगत होता आणि प्रत्येक शब्दागणिक त्याचा आवाज खाली जात होता.

"आता पाण्यातून बाहेर या."

तो मनगट न सोडता बाहेर आला. ती जोरानं फिरवत राहिली.

"न्हाई," तो म्हणाला. "कायच न्हाई."

मन्मथनं वळून जात्याला लाथ घातली. वरची पाळू गडगडत गेली. दगड कसला, काळा रंग दिलेलं लाकूड! खाली पेटीत लोखंडी चुंबकं आणि तारेचं वेटोळं.

"अरे, हे तर आमच्या दुकानातल्या जुन्या फोनातलं!" तो ओरडला. गावात नवं एक्स्चेंज आलं तेव्हा मूठ फिरवून घंटी वाजवायचे ते फोन भंगारात गेले होते. मूठ फिरली की आत वीज तयार व्हायची. पेटीतून एक तार चटईखालून परातीला जोडलेली. दुसरी महाराजांच्या बाहीतून बोटातल्या तांब्याच्या अंगठीला, आणि अंगठीखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा, बुडाखाली लाकडी पाट, म्हणजे वीज महाराजांना शिवायची नाही. अंगठीतून चांदीच्या डबीत, डबीतून गळ्यात, गळ्यातून टाचेत, टाचेतून पाण्यात. लिंग जिथल्या तिथं होतं. जागा होता तो फक्त सटवा.

"छातीचं दुखणं असलेला कुणी उभा राहिला असता तर?" कावेरी एवढंच म्हणाली. मघाचे तरणे आता पाटाकडं वळले होते. "हात उचलू नका. पोलिसांना बोलवा," तिनं सांगितलं.

गलका उसळला. त्या गलक्यात शिवकांता चटईवर बसून होती, पाकीट अजून मुठीत. कावेरी तिच्यापाशी बसली.

"म्हणजे माझ्यात काई जागं झालंच न्हाई?" शिवकांतानं विचारलं.

खोटा धीर द्यावा असं कावेरीला क्षणभर वाटलं. पण एवढा वेळ ती खोट्याशीच भांडत होती.

"वीज खरी होती, अक्का. मुंग्या खऱ्या होत्या. बरं करणं खोटं होतं. तिकडं त्या शिरेला तार बसवतात, ते लई मोजून मापून. महिनोन् महिने बघतात, कुणाला गुण येतो, कुणाला न्हाई. ते अजून आपल्याकडं आलेलं न्हाई. पण डॉक्टरीणबाईंनी हात टेकलेले न्हाईत. ही गोळी चालली न्हाई तर दुसरी हाय. गुंगी देऊन दवाखान्यात विजेचा उपचारबी करतात. उद्याच बरी होशील असं मी म्हणणार न्हाई. सोबत येईन म्हणते."

शिवकांतानं मूठ उघडून पाकीट पाहिलं.

"महाराज तर म्हणाले होते, आजच बरी होशील," ती म्हणाली. मग मन्मथकडं वळली. "अहो, पाणी द्या. परातीतलं नको. चांगलं."

मन्मथ धावतच गेला. ती गोळी गिळेपर्यंत तो तांब्या धरून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांना धार लागली होती.

मनाचं दुखणं हे हाडामांसाच्या दुखण्याइतकंच खरं असतं. ते कधी हट्टी असतं, वेळ खातं, आणि त्या वेळेतच असे मांडव पडतात. तिथं कुणी पेपरातली खरी बातमी दाखवील, कुणी अंगावर खरे शहारे आणील. शहारे आले म्हणून गुण आला असं होत नाही. महाराजांच्या बोटांवरून नजर काढा, कडेला कोण काय फिरवतंय ते बघा. आणि भीती वाटली तरी एकदा खुंटा धरून जातं थांबवा. चमत्कार खरा असेल तर तो काही थांबायचा नाही.